गुंडीचं खवलं आणि फुल्ल रेंज

एका जंगलात रेंज आली.

हसू नका. इतर गोष्टींत एका जंगलात सिंह असतो, कोल्हा असतो. तसे ते ह्याही जंगलात होते, पण ते आधीपासूनच होते. त्यात काय सांगायचं? रेंज मात्र नवीन आली. ए निळ्या रिबिनवाली, तो मोबाईल खाली ठेव आधी. ठेवलास? शहाणी माझी बाय. आता ऐका.

रेंज आली, पण आली कशी? तर एवढीशी आली. नदीवर नाही, गुहेत नाही, शाळेत तर नाहीच नाही. ती यायची फक्त वारुळाच्या टोकावर. कुठल्याही वारुळावर चढा, रेंज फुल्ल. खाली उतरा, गेली. आणि मोबाईल कुठून आले म्हणाल, तर गोष्टीत येतात तसे आले. उगाच फाटे फोडायचे नाहीत.

आता वारुळाचं हे गुपित मी तुम्हाला सांगतेय म्हणून तुम्हाला कळलं. जंगलात ते कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. सगळे जण मोबाईल आभाळात धरून सैरावैरा फिरायचे. पाय चुकून वारुळावर पडला की तेवढ्यात निरोप जायचे, यायचे. मधेच कुणीतरी ओरडायचं, "आली, आली!" की सगळे तिकडे धावायचे. ढकलाढकलीत तो वारुळावरून खाली पडायचा. "गेली! तुझ्या शेपटीमुळे गेली!" आपण कशावर उभे होतो, हे एकानेही कधी खाली वाकून बघितलं नाही. मोबाईल बघताना खाली कोण बघतं? तुम्ही बघता? खोटं बोलू नका.

तर ह्या जंगलात एक शाळा होती. हेडमास्तर होते गवेसर. म्हणजे रानगवाच, पण सगळे गवेसर म्हणायचे. अंगाने डोंगराएवढे आणि मनाने फार हळवे, विशेषतः स्वतःच्या फोटोबद्दल. आणि वर्गाला होत्या घोरपडबाई. एकदा एखादं वाक्य धरलं की धरलं, सोडायचं नाव नाही.

वर्गात एक मुलगी होती, गुंडी. खवले मांजराची पोर. मांजर नुसतं नावात, बरं का. तिला म्याव येत नाही नि दूध आवडत नाही. तिला आवडतात मुंग्या आणि वाळवी. अंगभर खवली, लांबसं तोंड, आणि स्वभाव इतका लाजाळू की कुणी मोठ्याने हाक मारली तरी पोरगी स्वतःला गुंडाळून घ्यायची. गोल चेंडू! मग तासभर उलगडायची नाही. म्हणून नाव गुंडी.

एके दिवशी सिंहमहाराजांकडून परिपत्रक आलं. "सर्व शाळांनी डिजिटल नागरिकत्व सप्ताह उत्साहात साजरा करावा व फोटो पाठवावेत. फोटो न आल्यास सप्ताह झालाच नाही असे समजण्यात येईल."

गवेसरांनी परिपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि त्यातला 'फोटो' हा शब्द त्यांच्या मनात घर करून बसला.

घोरपडबाई लगेच कामाला लागल्या. "मुलांनो, लिहून घ्या. एक. आपला पासवर्ड गुप्त ठेवावा. लिहिलं?"

"बाई, पासवर्ड म्हणजे काय?" गुंडीने विचारलं.

"ते उद्याच्या तासाला. आज नुसतं लिही."

उद्याच्या तासाला पासवर्ड करायचे होते. पण मुलं विसरतात ना! म्हणून बाईंनी अख्ख्या वर्गाला एकच पासवर्ड दिला. तोही कुणी विसरू नये म्हणून भिंतीवर रंगवून घेतला, हातभर मोठ्या अक्षरांत. खाली लाल रंगात लिहिलं, 'गुप्त'. पालकसभेत सगळ्या पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि भिंतीपुढे फोटो काढून घेतले.

पुढचा नियम. खात्री केल्याशिवाय कुठलाही निरोप पुढे पाठवू नये. पाठ. त्याच्या पुढचा. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या पूर्वपरवानगीशिवाय प्रसारित करू नये. हे वाक्य तर बाईंनी असं घोटून घेतलं की झाडावरची माकडाची तान्ही पोरंसुद्धा झोपेत 'पूर्वपरवानगी, पूर्वपरवानगी' म्हणायला लागली.

आणि मग ठरला शपथेचा दिवस.

शाळेला व्यासपीठ होतं. व्यासपीठ म्हणजे काय, एक जुनं उंच वारूळ, त्याच्यावर सतरंजी टाकलेली. हां! तुमच्या डोक्यात प्रकाश पडला. जंगलात कुणाच्याही पडला नाही.

"शपथ सांगायला गुंडी येईल," घोरपडबाई म्हणाल्या. "हिचं पाठांतर चांगलं आहे."

गुंडी म्हणाली, "बाई, मला नको."

"नको कसं? लाजायचं नाही!"

"बाई, खरंच नको. सगळे बघतात."

"अगं, बघायलाच तर बोलावलंय सगळ्यांना. चल, चढ वर."

ती बिचारी चढली. समोर अख्खी शाळा, मागे पालक, बाजूला मोबाईल उगारून गवेसर. गुंडीने घसा खाकरला. "मी अशी शपथ घेते की, मी दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या..."

"मोठ्याने!" मागून कुणीतरी ओरडलं.

झालं! गुंडीचा चेंडू झाला. उतारावर चेंडू कसा थांबणार? निघाला गडगडत. पहिलीची रांग उडाली, दुसरीची रांग उडाली, घोरपडबाईंचं टेबल उलथलं, टेबलावरचा नारळ एकीकडे, हार दुसरीकडे, आणि चेंडू सरळ पाण्याच्या डोणीत. डुबुक!

सगळे पोट धरून हसले. तुम्हीही हसताय. हसा, हसण्यासारखंच होतं ते. गुंडी तेवढी हसली नाही. ती डोणीत बसून राहिली, बंद.

गवेसरांनी सगळं टिपलं होतं. मग ते व्यासपीठावर चढले आणि उरलेली शपथ स्वतः सांगितली. "...पूर्वपरवानगीशिवाय प्रसारित करणार नाही!" त्यांनी हात पुढे केला होता, आणि त्याच हातात मोबाईल होता. आणि काय सांगू, मोबाईलवर रेंज फुल्ल! सरांना राहवेना. शपथ संपायच्या आत त्यांनी व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, 'शपथेच्या पवित्र क्षणी भारावून गेलेली आमच्या शाळेची चिमुकली.' पुढे तीन फुलं आणि हात जोडलेले.

व्हिडिओ सुटला तो सुटलाच. गुंडी घरी पोचायच्या आधी तो घरी पोचला होता. वाटेत कोल्हीण हसली, कोल्हा हसला. कासवसुद्धा हसलं, जे एरवी महिन्यातून एकदा हसतं. पोरीने आईच्या पोटात तोंड खुपसलं ते काढीचना.

इथवर नुसती चेष्टा होती. आता टिटवीकाकू येतात.

टिटवीकाकू म्हणजे पालकांच्या ग्रुपची जान. सकाळी सुप्रभात टाकणार, रात्री शुभरात्री, आणि मधल्या वेळात जगात जे जे काही वाईट घडू शकतं ते सगळं. काकूंनी व्हिडिओखाली लिहिलं, 'हा व्हिडिओ टाकताना सरांची रेंज फुल्ल होती म्हणे! काय योगायोग!'

त्याखाली रानडुक्करभाऊंनी लिहिलं, 'काल संध्याकाळी ही पोर मला दिसली, तेव्हा माझीही रेंज फुल्ल होती.'

त्याखाली अस्वलरावांनी लिहिलं, 'अरेच्चा! माझीसुद्धा!'

असणारच की! गुंडी संध्याकाळी कुठे जाते? जेवायला. जेवायला कुठे? वारुळावर. वाळवी काय झाडाला लागते? हे लोक मोबाईल घेऊन धडपडत वारुळावर चढायचे आणि तिथे ही आपली मुकाट्याने जेवत बसलेली असायची. त्यांना वारूळ दिसलं नाही. गुंडी दिसली. झाला हिशेब पक्का, जिथे गुंडी तिथे रेंज!

मग त्या निरोपाला पाय फुटले. दुपारपर्यंत तो असा झाला, 'खवले मांजराच्या अंगात रेंज असते. एक खवलं मोबाईलच्या मागे चिकटवा, जन्मभर रेंज.'

पण थांबा. आपल्या जंगलातले लोक काही अडाणी नव्हते. शपथ घेतलेले होते. खात्री केल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही!

टिटवीकाकूंनी अस्वलरावांना विचारलं, "अहो, तुम्हाला आला का हा निरोप?"

"आला ना."

"मलाही आला. रानडुक्करभाऊंना?"

"त्यांना तर दोनदा आला."

"मग खरं असणार," काकू म्हणाल्या. त्यांनी वर 'खात्री केलेली आहे' असं लिहिलं आणि अख्ख्या जंगलाला पाठवलं.

गुंडीच्या आईकडेही एक मोबाईल होता, काच तडकलेला. वारुळावर जेवताना तिने निरोप वाचला, आणि धावत घरी येऊन पोरीला घट्ट धरलं. खवलं म्हणजे काय अंगावरची धूळ आहे, झटकली आणि दिली? नखासारखं असतं ते. उपटलं की रक्त येतं. आणि जंगलात मोबाईल किती, पोरीच्या अंगावर खवली किती! सगळ्यांनी एकेक नेलं तर पोर उरेल का?

गुंडी आतूनच म्हणाली, "आई, मी रेंज नाही गं. मी जेवायला जाते, तिथे बसून बघितलंय. रेंज वारुळावर असते."

"मग तेच लिहिते," आई म्हणाली. ती बाहेर गेली, वारुळावर चढली आणि लिहिलं, 'रेंज गुंडीमुळे येत नाही. वारुळाच्या उंचीमुळे येते. कृपया स्वतः चढून बघा.'

लगेच उत्तरं आली. शपथ घेतलेले लोक!

'स्रोत?' रानडुक्करभाऊंनी विचारलं.

'मी तिची आई आहे,' आईने लिहिलं.

'आई हा स्रोत होत नाही,' टिटवीकाकूंनी लिहिलं. 'ग्रुपवर अफवा पसरवू नयेत. आत्ताच सप्ताह झालाय.'

घोरपडबाईंनी तेवढा आईच्या निरोपाला पसंतीचा अंगठा दाखवला. मग बघितलं की गवेसरांनी दाखवलेला नाही, आणि काढून घेतला.

संध्याकाळी अख्खं जंगल गुंडीच्या बिळापुढे आलं. गोंधळ नाही, आरडाओरडा नाही. एकामागे एक, शिस्तीत. सगळ्यात पुढे गवेसर. कुणाच्या हातात चिमटा, कुणाच्या हातात डिंकाची वाटी. मला तर हे सांगतानाही अस्सा राग येतो!

"रांग मोडायची नाही," गवेसर म्हणाले. "आपण जबाबदार नागरिक आहोत. एका कुटुंबाला एकच खवलं. लहान मुलं असतील त्यांनी पुढे या."

आई बिळाच्या तोंडाशी आली, गुंडीला पोटाशी धरलं आणि स्वतःला तिच्याभोवती गुंडाळून घेतलं. मोठ्या चेंडूत छोटा चेंडू.

"अहो गुंडीच्या आई, सहकार्य करा," टिटवीकाकू म्हणाल्या. "सगळ्यांच्या भल्याचं आहे."

"फार ओढू नका हं," घोरपडबाई मागून म्हणाल्या. "उद्या तिची परीक्षा आहे."

अस्वलरावांनी हात घातला आणि ओढलं. आई कळवळली, पण सुटली नाही. रानडुक्करभाऊ मदतीला आले. एक, दोन, हय्या! आईची पकड जराशी सैल झाली आणि आत गुंडीला उजेड दिसला. उजेडात चिमटा दिसला.

तेव्हा गुंडी बोलली. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांपुढे, मोठ्याने.

"घ्या! एक सोडून दोन घ्या! पण एक सांगून ठेवते."

सगळे थबकले. चेंडू बोलतो म्हणजे काय!

"खवल्याने रेंज येते, पण ती दोन्हीकडून येते. बाहेरचं जसं आत येतं, तसं आतलं बाहेर जातं. एकदा का खवलं चिकटलं, की तुमच्या मोबाईलमधलं सगळं आपोआप सगळ्यांना जाणार. फोटो, निरोप, सगळं."

रांगेतल्या एकेकाने आपापल्या मोबाईलकडे बघितलं.

"सगळं?" गवेसरांनी विचारलं.

"सगळं."

"म्हणजे... पुसलेलंसुद्धा?"

"पुसलेलं आधी," गुंडी म्हणाली.

गवेसरांचे डोळे पांढरे झाले. बाळांनो, सरांनी शिंगांना झेंडूच्या माळा बांधून, डोणीच्या पाण्यात बघत बघत केलेला एक नाच होता त्या मोबाईलमध्ये. टिटवीकाकूंनी अस्वलराव कसे घोरतात ते चोरून टिपलेलं होतं. रानडुक्करभाऊंनी टिटवीकाकूंच्या आवाजाबद्दल काय काय लिहिलं होतं, ते मी तुमच्यासमोर सांगणार नाही. आणि घोरपडबाई? त्यांच्याकडे उद्याचा पेपर होता, आणि तो दोन पालकांना आधीच पोचला होता.

"मला वाटतं," गवेसर घसा साफ करत म्हणाले, "लेकराला असा त्रास देणं बरोबर नाही. प्रत्येकाचं काहीतरी खाजगी असतं."

"असतं ना!" काकू म्हणाल्या. "खाजगी म्हणजे खाजगी!"

"मी तर पहिल्यापासून म्हणत होतो," अस्वलराव म्हणाले, आणि चिमटा पाठीमागे लपवला.

जशी शिस्तीत आली होती तशी रांग परत गेली नाही. जो तो मोबाईल पोटाशी धरून पळाला. गवेसर तर असे उधळले की वाटेतली दोन झुडपं त्यांच्याबरोबर गेली. आणि टिटवीकाकूंनी पळता पळता, उडता उडता, वाटेत चुकून एका वारुळावर पाय टेकला तेवढ्यात निरोप टाकलाच, 'सावधान! खवल्यापासून दूर राहा! सगळं बाहेर जातं! खात्री केलेली आहे!' तो जंगलभर गेला. स्रोत एकानेही विचारला नाही.

बिळापुढे सामसूम झाली. आई हळूहळू उलगडली. मग गुंडी उलगडली, सगळ्या खवल्यांसकट. आईने एकेक चाचपून बघितलं, आणि तिला रडूच फुटलं.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "गुंडे, तू खोटं बोललीस ना गं?"

"हो," गुंडी म्हणाली. "खरं तू सांगून बघितलं होतंस ना, आई."

आणि दोघी हसायला लागल्या. अशा हसल्या, अशा हसल्या, की शेवटी दोघींचे चेंडू झाले आणि उतारावरून गडगडत थेट वारुळापाशी गेल्या. तिथे पोटभर जेवल्या. रेंज फुल्ल होती, पण आज तिथे कुणी नव्हतं.

झाली का गोष्ट? छे! परीक्षा राहिली ना.

पेपरात प्रश्न आला, 'दुसऱ्याचे छायाचित्र प्रसारित करण्यापूर्वी काय करावे?' सगळ्या वर्गाने लिहिलं, 'त्याची पूर्वपरवानगी घ्यावी.' गुंडीने लिहिलं, 'त्याला विचारावं.'

घोरपडबाईंनी लाल फुली मारली. भोपळा!

"बाई, माझं काय चुकलं?" गुंडीने विचारलं.

"उत्तर पुस्तकातल्या शब्दांत नाही."

"पण बाई, पूर्वपरवानगी म्हणजे विचारणंच ना?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं, भिंतीवरच्या पासवर्डकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ते तसं करायचं नसतं गं. ते लिहायचं असतं."

आठवड्याने सिंहमहाराजांकडून ढाल आली. 'आदर्श डिजिटल शाळा.' डोणीत पडणाऱ्या चिमुकलीचा व्हिडिओ महाराजांना फार आवडला होता. महाराणींनी तर तो पुन्हापुन्हा बघितला म्हणे. गवेसरांनी ढाल छातीशी धरली आणि शाळेपुढे भाषण केलं.

भाषण संपल्यावर गुंडी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. चेंडू न होता! म्हणाली, "सर, तो व्हिडिओ काढून टाका ना. मला विचारलं नव्हतं तुम्ही."

गवेसरांना भरून आलं. आपल्या शाळेतली एवढीशी पोर, आणि केवढी ही जाण! त्यांचे डोळे ओलावले.

"वा!" ते म्हणाले. "वा, बाळ! हेच तर आपल्या सप्ताहाचं यश! थांब, जरा पुन्हा बोल." आणि त्यांनी मोबाईल काढला.

संपली गोष्ट. टाळ्या नकोत. आणि ए निळ्या रिबिनवाली! मघापासून बघतेय, तो मोबाईल मांडीवर उभा कशाला केलायस? माझं शूटिंग करतेयस? मला विचारलंस? विचारलंस का, सांग! अगं, मोठ्या माणसांना विचारायची काही पद्धत... बरं, असू दे. डाव्या बाजूने घे, उजवीकडून माझं नाक मोठं दिसतं.

तात्पर्य: बाळांनो, दुसऱ्याचा फोटो टाकण्याआधी त्याची पूर्वपरवानगी घ्यावी, हे वाक्य रोज सुवाच्य अक्षरात लिहावं, पाठ करावं, त्याची शपथ घ्यावी. त्याला विचारायला मात्र कधीही जाऊ नये. विचारलं की तो नको म्हणू शकतो. आणि सगळेच नको म्हणायला लागले, तर सप्ताह साजरा कशाचा करायचा?